काठातले सात दाणे

हाजेर : टेबलावर नको. टेबलावर आम्ही जेवतो. ते खोकं तिथे स्टुलावर ठेवा.

सेवाल : मावशी, खोकं स्वच्छ आहे. आत फक्त जर्सी आहे.

हाजेर : जर्सी आहे म्हणूनच म्हणते.

इद्रिस : आई, अगं त्या क्लबमधून आल्यात, एवढे चार जिने चढून. आधी चहा तरी विचार.

हाजेर : पाहुणी आहे की पोलीस ते कळू दे, मग चहाचं बघू. पांढरे हातमोजे घालून या घरात आजवर फक्त डॉक्टर आलाय, आणि तोही वाईट बातमी घेऊनच.

सेवाल : कापड जुनं आहे, घाम लागू नये म्हणून घातलेत. मी सेवाल. क्लबचं नवं संग्रहालय उभं राहतंय ना, तिथलं काम माझ्याकडे आहे. रविवारी उद्घाटन आहे.

हाजेर : माहीत आहे. अख्ख्या नारबुरुन बंदरावर लाल-पांढरे झेंडे लावलेत. माझ्या बाल्कनीलाही एक बांधून गेलं कोणीतरी, न विचारता.

इद्रिस : तो मी बांधला, आई.

हाजेर : तेच म्हणते, न विचारता.

सेवाल : मी तुमचा फार वेळ घेत नाही. पहिल्या अजिंक्यपदाच्या मॅचमध्ये कप्तान नेजातीने घातलेली आठ नंबरची जर्सी क्लबला परत मिळाली आहे. सत्तेचाळीस वर्षांनी. ती हातात घेतलेली माणसं आता राहिली नाहीत. नेजाती गेले, कोच गेले, तुमचे यजमान दुर्सुन उस्ता गेले. तुम्ही नऊ वर्षं संघाचे कपडे धुतलेत...

हाजेर : अकरा.

सेवाल : आमच्या नोंदीत नऊ आहेत.

हाजेर : पहिली दोन वर्षं तुमच्या नोंदीत फक्त नवरा होता. सामान सांभाळायचा म्हणून नोकरी त्याची. चिखलाचे कपडे मात्र माझ्याच कढईत शिजत होते. पुढे बोला.

सेवाल : एवढंच की तुम्ही जर्सी बघायची, ओळखायची, आणि एका कागदावर सही करायची.

इद्रिस : आणि रविवारी मैदानावर बोलावलंय, आई. मध्यभागी. पन्नास हजार लोक उभे राहून टाळ्या वाजवणार. मला दोन खुर्च्या देणार आहेत, छताखालच्या.

हाजेर : अस्सं. म्हणजे तुला आधीच सगळं माहीत होतं. तरीच सकाळपासून पायपुसणी झटकत होतास.

इद्रिस : फोन आला होता परवा. तुला सांगितलं असतं तर तू दारच उघडलं नसतंस.

हाजेर : बरोबर ओळखलंस. बाई, तुमच्या त्या पिशवीत जाड पुस्तक आहे ते कसलं?

सेवाल : क्लबचा इतिहास. संग्रहालयाच्या भिंतींवर हाच मजकूर येणार आहे.

हाजेर : वाचा थोडं. बघू, तुमचा इतिहास कितपत खरा बोलतो. त्यावरून जर्सीचं ठरवू.

सेवाल : बरं. ‘बंदराच्या वरच्या आळीतल्या हेझलनट गोदामातील कामगारांचा एक संघ आणि खालच्या आळीतल्या कोळ्यांचा दुसरा, हे दोन्ही संघ बंधुभावाने एकत्र आले आणि नारबुरुनस्पोर जन्मास आला.’

हाजेर : बंधुभावाने. माझ्या सासऱ्याचे पुढचे दोन दात त्या बंधुभावात पडले. वरच्यांकडे मैदान होतं आणि खालच्यांकडे बॉल. दोघांनाही दुसरा इलाज नव्हता. पुढे.

सेवाल : ‘राष्ट्रध्वजाच्या प्रेमापोटी लाल आणि पांढरा हे रंग निवडण्यात आले.’

हाजेर : निवडण्यात आले म्हणे. माझ्या सासूच्या लग्नातली रजई होती. वरून लाल, आतून पांढरी. सगळ्या बंदरात तेवढंच धड कापड उरलं होतं. ती उसवून अकरा जर्सी बेतल्या, कापूस उशीत भरला. सासू मरेपर्यंत म्हणायची, मी थंडीत कुडकुडले म्हणून ही पोरं पळाली.

सेवाल : हे... हे मी लिहून घेऊ का?

हाजेर : लिहा, पण छापणार नाहीत ते. पुढे पहिलं अजिंक्यपद असेल.

सेवाल : हो. इस्तंबूलच्या मोठ्या संघांना मागे टाकून. मग पुढची चौदा. पंधरा अजिंक्यपदं, जर्सीवर तीन तारे, युरोपातले ते दोन विजय...

इद्रिस : तीन. मागच्या वर्षीचा धरून तीन.

सेवाल : तीन. हे सगळं ज्या दिवसापासून सुरू झालं त्या दिवसाची ही जर्सी, म्हणून ती मधल्या काचेच्या कपाटात एकटीच राहणार आहे.

हाजेर : आणि ती इतकी वर्षं होती कुठे?

सेवाल : एका... एका कुटुंबाकडे.

हाजेर : कुटुंबाला नाव असेल.

सेवाल : हाल्दुन बेय. आत्ताचे उपाध्यक्ष. त्यांचे वडील रुश्तू बेय तेव्हा क्लबचे सेक्रेटरी होते. त्यांच्या पश्चात ट्रंकेत सापडली.

हाजेर : इद्रिस, ऐकलंस? रुश्तूच्या ट्रंकेत. आता बाईंना दार दाखव.

इद्रिस : थांब ना. जुन्या गोष्टी आहेत, दोघेही गेले. निदान बघ तरी.

हाजेर : बघायचं काय त्यात. खोटी आहे ती.

सेवाल : मावशी, मी अजून खोकं उघडलंही नाही.

हाजेर : झाकणावरूनच कळतं मला. लिहा तुमच्या कागदावर, हाजेर म्हणते खोटी आहे. घेऊन जा.

इद्रिस : हे काय वागणं झालं? बाई काय भीक मागायला आल्यात का? आणा तो कागद, सेवाल हानम. मी वाचून दाखवतो तिला. तिचा चष्मा जुना झालाय.

हाजेर : वाच. मोठ्याने, आणि मधलं गाळू नकोस. लहानपणी तू धडा वाचतानाही कठीण ओळी गाळायचास.

इद्रिस : ‘मी, खाली सही करणार हाजेर, दुर्सुन उस्ता यांची पत्नी, जाहीर करते की सोबतची आठ क्रमांकाची जर्सी मी स्वतः पाहिली असून ती अस्सल आहे.’ झालं. एवढंच आहे.

हाजेर : पान उलट.

इद्रिस : मागे काही विशेष नाही, क्लबचे शिक्के वगैरे...

हाजेर : उलट म्हणते ना.

इद्रिस : ‘तसेच... तसेच सदर जर्सी माझे पती दुर्सुन उस्ता यांनी अंतिम सामन्यानंतरच्या आठवड्यात, धुऊन व इस्त्री करून, सेक्रेटरी रुश्तू बेय यांच्या घरी नेऊन त्यांना विकली. रुश्तू बेय यांनी क्लबचा ठेवा वाचावा म्हणून ती विकत घेतली आणि एका गरीब माणसाची अब्रू राखण्यासाठी...’ आई, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर फक्त मैदान, खुर्च्या...

हाजेर : वाचून संपव.

इद्रिस : ‘...अब्रू राखण्यासाठी आयुष्यभर मौन पाळले.’

हाजेर : काय पण मौन. ज्याने नवऱ्याला चोर म्हणून काढलं, जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर, तो म्हणे मौन पाळत होता. बाई, रविवारी पन्नास हजार लोक टाळ्या कशाला वाजवणार होते? चोराची बायको स्वतःच्या हाताने लिहून देते म्हणून?

इद्रिस : सेवाल हानम, हे भिंतीवरही येणार का?

सेवाल : काचेच्या कपाटाखाली. छोट्या अक्षरात.

इद्रिस : छोट्या अक्षरात. शाळेत पोरं मला जर्सीचोराचा पोरगा म्हणायची तेव्हा मोठ्याने म्हणायची. तरी मी स्टँडमध्ये जायचो. माझा क्लब आहे म्हणून जायचो. आजूबाजूला कोणी बापाचं नाव विचारलं तर आजोबाचं सांगायचो. आता माझ्या पोरांनी तिकीट काढून ते वाचायचं. उठा तुम्ही. खोकं मी खाली नेऊन देतो.

सेवाल : दोन मिनिटं ऐका. मग हाकलून द्या. मी आज इथे आहे हे क्लबमध्ये कोणालाच माहीत नाही.

हाजेर : म्हणजे?

सेवाल : सही घ्यायला हाल्दुन बेय स्वतः उद्या येणार आहेत, फोटोग्राफर घेऊन. मी एक दिवस आधी आले. परवाचा फोन क्लबचा होता, आजची वेळ मात्र मी परस्पर कळवली. खोकं साफसफाईसाठी माझ्या ताब्यात होतं, तेच उचलून आणलं. कळलं तर माझी नोकरी जाईल.

हाजेर : आणि असं का केलंत? माझ्यावर एवढी माया कुठून आली?

सेवाल : माया नाही. शंका. हाल्दुन बेयच्या पत्रात लिहिलंय, दुर्सुन उस्तांनी जर्सी धुऊन, इस्त्री करून आणली. मी जुन्या कापडाचं काम शिकलेली आहे, मावशी. ही जर्सी त्या मॅचनंतर कधीच पाण्यात गेलेली नाही. कॉलरला घाम वाळलाय, कोपरावर मैदानाची माती आहे. पत्र एक सांगतंय आणि कापड दुसरंच. म्हणून वाटलं, उद्याच्या गर्दीत तुम्ही सही करण्याआधी एकदा एकांतात विचारावं.

हाजेर : मग धुतलेली नसेल. त्याने तशीच विकली असेल.

इद्रिस : आई?

हाजेर : काय आई? शक्यता सांगते.

इद्रिस : तू बाबांच्या बाजूने आहेस की त्यांच्या? इतका वेळ खोटी, खोटी म्हणत होतीस. आता म्हणतेस तशीच विकली असेल. तू जर्सीकडे बघतही नाहीयेस. मघापासून खोक्याकडे पाठ करून बसलीस. कसली भीती वाटते तुला?

हाजेर : भीती कसली. या वयात.

इद्रिस : कुठेतरी पाणी मुरतंय. तुला काहीतरी माहीत आहे.

सेवाल : मावशी, ही जर्सी खरी की खोटी हे ओळखायची तुमच्याकडे काही खूण आहे का? तुमचं शिवण, एखादा टाका?

हाजेर : आहे.

सेवाल : कुठली?

हाजेर : इद्रिस, खिडकी लाव. शेजारची बाई कान लावून बसते.

इद्रिस : लावली. बोल.

हाजेर : शुक्रवारी इस्त्री झाली की मी प्रत्येक जर्सीच्या काठाची दुमड बोटभर उसवायचे आणि आत कलौंजीचे सात दाणे घालून परत शिवायचे. डाव्या अंगाला, आतून. पोरांना दृष्ट लागू नये म्हणून. माझी आईही वडिलांच्या होडीवरच्या सदऱ्यात घालायची.

इद्रिस : अकराही जर्सींमध्ये? कोचला माहीत होतं?

हाजेर : वेडा आहेस का. तो परदेशात शिकून आलेला, असल्या गोष्टींना नाक मुरडायचा. कळलं असतं तर आम्हा दोघांनाही काढलं असतं. फक्त तुझ्या बाबांना माहीत होतं. आणि मॅच संपली की काढायचं काम त्यांचं. दाण्यांचं काम झालं की ते कपड्यात ठेवायचे नसतात, घालणाऱ्याचं नशीब खातात. जर्सी हातात आली की तिथेच, कपडे बदलायच्या खोलीत, चाकूच्या टोकाने दुमड उसवायचे, दाणे काड्यापेटीत टाकायचे, मग जर्सी पिशवीत. आणि घरी येताना बंदरावर थांबून सगळे समुद्रात. एकदा वादळात बंदरावर जाता येईना, तर हे काड्यापेटी उशाखाली घेऊन झोपले. नमाज चुकायची त्यांची, हे कधी चुकलं नाही.

सेवाल : म्हणजे जी जर्सी दुर्सुन उस्तांच्या हातात आली...

हाजेर : तिच्यात दाणे नसणार. उसवलेली दुमड असणार.

सेवाल : आणि जी त्यांच्या हातात आलीच नाही, तिच्यात अजून असतील.

हाजेर : हुशार आहेस.

इद्रिस : पण आई, चोरी करणारा माणूस दाणे काढत बसेल का?

हाजेर : तुझा बाप बसला असता. जगातली कुठलीही जर्सी घेऊन पळत असता तरी कोपऱ्यावर थांबून दाणे काढले असते.

इद्रिस : त्या दिवशी काय झालं होतं? बाबा मला कधीच बोलले नाहीत.

हाजेर : त्या दिवशी ते आले ते पांढरेफटक होऊन. बाहेर सगळं बंदर नाचत होतं, होड्यांचे भोंगे वाजत होते, आणि हे दारात उभे. काड्यापेटी माझ्या हातात दिली. म्हणाले, दहाच जणांचे आहेत. कप्तानाचे नाहीत. कप घ्यायला नेजातीला वर सज्जात बोलावलं, जर्सी घालून गेला आणि खाली आला तो सेक्रेटरीचा कोट घालून. हाजेर, दाणे कोणाच्या तरी अंगावर राहिले.

इद्रिस : मग? तू काय म्हणालीस?

हाजेर : मी म्हणाले, रुश्तू बेयसारखा माणूस घामाचं कापड कशाला घेईल. तुम्हीच कुठेतरी टाकलं असेल. आठवून बघा.

इद्रिस : आणि नेजाती? त्याने नाही सांगितलं?

हाजेर : त्याचा करार रुश्तूच्या टेबलावर पडून होता. तो गप्प बसला. उन्हाळ्यात इस्तंबूलच्या संघात गेला. जर्सी सापडत नाही म्हटल्यावर कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवं होतं, सामानवाल्याचं डोकं सगळ्यात जवळ. तिसऱ्या दिवशी पंगतीतून उठवलं.

सेवाल : पण मावशी, हे सगळं माहीत असून तुम्ही हात लावायला का घाबरता? दाणे असले तर ते निर्दोष ठरतील.

हाजेर : आणि नसले तर?

सेवाल : तर मग पत्रातलं बरंच खरं ठरेल.

हाजेर : बघ. आता तूच म्हणालीस.

इद्रिस : आई, तुला बाबांवर संशय होता?

हाजेर : त्या कोपऱ्यात काय आहे, इद्रिस?

इद्रिस : शिवणमशीन. चादरीखाली. तू कधीच न वापरलेलं.

हाजेर : कामावरून काढून टाकल्यावर दोन आठवड्यांनी हे घेऊन आले. नवंकोरं. घरात पीठ मोजून वापरत होतो आणि हे खांद्यावर मशीन घेऊन जिना चढतात. म्हणाले, पोरांनी वर्गणी काढून दिलंय, तुझ्यासाठी. इतकी वर्षं आपले कपडे शिवलेत म्हणून. मी म्हणाले, छान आहे. आणि वर चादर टाकली.

इद्रिस : विचारायचं ना एखाद्या खेळाडूला.

हाजेर : विचारलं असतं आणि तो म्हणाला असता, कसली वर्गणी? मग काय केलं असतं मी? तुला घेऊन माहेरी गेले असते? न विचारता निदान संसार चालू राहत होता. मी जेवायला वाढत होते, पाय चेपत होते. ते अधूनमधून विचारायचे, मशीन चालवत का नाहीस? मी म्हणायचे, आवाज फार करतं.

इद्रिस : मलाही तेच सांगायचीस.

हाजेर : ते परत मैदानात कधी गेले नाहीत. गोदामात पोती उचलली बावीस वर्षं. मॅचच्या दिवशी गच्चीवर उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून स्कोअर सांगायचे. माझ्याशी एवढंच बोलायचे त्या दिवशी. दोन-एक, हाजेर. आणि माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, मन खातंय म्हणून बघतात. काय बघत होते ते देवाला माहीत.

सेवाल : मावशी, मी जर्सी परत नेऊ शकते. उद्या हाल्दुन बेय आले की तुम्ही नुसती सही नाकारा. तुम्हाला हात लावायची सक्ती नाही.

हाजेर : हात लावला नाही तर भिंतीवर काय येईल?

सेवाल : हाल्दुन बेय दुसरा कोणी साक्षीदार उभा करतील. मजकूर तोच राहील.

हाजेर : म्हणजे सगळ्या बाजूंनी माझीच कोंडी. इद्रिस, तू काय म्हणतोस? तुझाही बाप होता.

इद्रिस : मला कळायला हवंय. काहीही असलं तरी. पन्नाशी उलटली माझी, मी अजून आजोबाचं नाव सांगतो.

हाजेर : उघडा खोकं. हातमोजे मी घालणार नाही. मोज्यातून कलौंजी कळत नाही.

सेवाल : नियमाने... बरं. राहू द्या. हात तेवढे कोरडे करा. इद्रिस भाऊ, जरा टेबल...

हाजेर : टेबलावरच ठेव. पुसून घे आधी.

(हाजेर जर्सी पालथी करते, चष्मा काढून बाजूला ठेवते, डोळे मिटते आणि डाव्या अंगाचा काठ अंगठा आणि बोटात धरून हळूहळू चाचपते. इद्रिस तिच्या मागे येऊन वाकून बघतो.)

इद्रिस : आई?

हाजेर : गप्प बस.

इद्रिस : आहेत की नाहीत, एवढंच...

हाजेर : मोजते आहे. चार. पाच. हा एक दुमडीच्या कोपऱ्यात जाऊन बसलाय. सहा.

सेवाल : थांबा, मी मोबाइलचा उजेड खालून धरते. कापड विरलंय, दिसेल. तो बघा. आणि तो.

इद्रिस : सात. आई, सात आहेत. शिवण आहे तशीच आहे. लाल दोरा.

हाजेर : पांढरा संपला होता त्या शुक्रवारी. लाल दोऱ्याने शिवलं आणि रात्रभर मनाला लागून राहिलं की बाहेरून दिसेल.

सेवाल : टाका तुमचाच आहे? खात्री आहे?

हाजेर : माझाच. शेवटच्या टाक्याला मी तीन गाठी मारते, आई दोनच मारायची. बघ, तीन.

सेवाल : म्हणजे जर्सी वर गेली ती वरच राहिली. दुर्सुन उस्तांच्या हातात आलीच नाही.

हाजेर : सेक्रेटरीचा कोट घालून खाली आला, हे म्हणाले होते. त्याच रात्री म्हणाले होते. शब्दन् शब्द.

इद्रिस : आई, रडू नकोस.

हाजेर : रडत नाही. राग आलाय. रुश्तूचा नाही, त्याचा काय राग धरायचा, तो तसाच होता. माझा राग आलाय. अकरा वर्षं त्यांचे कपडे मी धुतले, अख्ख्या संघाचा घाम ओळखायचे, आणि घरातला एक माणूस ओळखता आला नाही.

सेवाल : मावशी, उद्या हे सगळं हाल्दुन बेयसमोर सांगाल?

हाजेर : येऊ दे त्याला. फोटोग्राफरलाही येऊ दे. दुमड त्याच्यासमोरच उसवीन, आज नाही. आज उसवली तर म्हणतील म्हातारीनेच दाणे घातले.

सेवाल : मी आत्ता फोटो काढून ठेवते, तारखेसकट. पण ते दाणे संग्रहालयात ठेवावे लागतील. जर्सीसोबत जे काही आहे ते क्लबची मालमत्ता...

हाजेर : जर्सी क्लबची. कलौंजी माझ्या स्वयंपाकघरातली. उद्या उसवून झालं, सगळ्यांनी बघून झालं, की इद्रिस ते घेऊन बंदरावर जाईल. बाकीच्या दहा जणांचे तिथेच गेलेत.

इद्रिस : जाईन.

हाजेर : आणि भिंतीवर काय लिहिणार, पोरी?

सेवाल : तुम्ही सांगा.

हाजेर : लिही, ही जर्सी सामान सांभाळणाऱ्या दुर्सुनच्या हातात कधी आली नाही. बस्स. रुश्तूचं नाव नको. लोक विचारतील, मग कोणाच्या हातात आली. विचारू दे.

सेवाल : नोकरी राहिली तर लिहीन.

हाजेर : खरं बोललीस. आल्यापासून पहिल्यांदा तुझ्यावर विश्वास बसला. इद्रिस, चहा ठेव. दाट कर. आणि मक्याची भाकरी उरली आहे सकाळची, ती गरम कर, लोणी लावून. पोरगी चार जिने चढून आलीये.

इद्रिस : मघाशी हेच म्हणत होतो मी.

हाजेर : मघाशी ती पाहुणी नव्हती. आणि आत जाता जाता त्या मशीनवरची चादर काढ. तेलाची बाटली बघ, खालच्या खणात असेल, वाळली असेल तर नवी आण.

इद्रिस : आत्ता? काय शिवणार आहेस तू आत्ता?

हाजेर : तुझ्या कोटाचं अस्तर कधीचं लोंबतंय. रविवारी त्या छताखालच्या खुर्चीत असा बसणार आहेस?

इद्रिस : पण ते मशीन आवाज फार करतं ना?

हाजेर : करू दे.